सिद्रामची सावर

जून १९३१. ब्रह्मदेशातल्या डोंगरात सर्व्हे पार्टीला आमचा एस्कॉर्ट. हजर : कॅप्टनसाहेब, मी हवालदार, नाईक सिद्राम, शिपाई बिरा आणि सेक्शनचे बाकी जवान.

सिद्राम सोलापूरजवळच्या कुंभारीचा, बिरा सांगोल्याकडचा धनगर. सकाळी रायफली साफ करायच्या, दिवसभर मोजणीवाल्यांच्या पुढे-मागे चालायचं, कॅम्पवर आलं की पायांच्या जळवा काढायच्या. आम्ही उघड्या माळावरची माणसं. त्या जंगलात आभाळही दिसत नसे.

"येवढी झाडं, आन येकाचीबी वळख न्हाय," बिरा कुरकुरायचा.

"एनो बिरा," सिद्राम कानडीत हाक मारून हसायचा, "तुजी शेरडं हितं आली तर खाऊन खाऊन फुटतील की!"

त्याच सिद्रामला ताप चढला आणि एका सकाळी तो गेला. लिंगायत असल्यामुळे त्याला पुरायचं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे आम्ही त्याला बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि टेकाडावरच्या एका प्रचंड झाडाशी माती दिली. बिराने संगिनीने सालीवर खूण केली.

"झालं. कोनीबी दावंल."

आमच्याकडे 'चिंचेपाशी' म्हटलं की पत्ता पुरा होतो. तिथे चिंच एकच असते.

साहेब नकाशा घेऊन आले. "दोन पावसांत ही साल भरून येईल. झाडाचं नाव?"

कुणालाच सांगता येईना.

"नुसतं 'मोठं झाड' लिहून याच्या घरच्यांना जागा सापडेल? बघा. ओढा चढतोय. अकरा वाजता निघायचं."

मी एकेक गोष्ट तपासली. बुंध्याच्या तळाशी भिंतीसारखे पाख फुटलेले. साल राखाडी. कुऱ्हाडीचा घाव घातला, तेल पाझरलं नाही. म्हणजे तिकडचं ते तेल गळणारं गर्जनचं झाड नव्हे. खाली पानांचा खच होता, पण तो आजूबाजूच्या सगळ्याच झाडांचा. याचं स्वतःचं पान पार शेंड्याला.

"सर, एक राउंड पाहिजे. डहाळी पाडायची आहे."

साहेबांनी वर पाहिलं. "वन. ओन्ली वन."

बिरा चिखलात उताणा झोपला. "सिद्राम असता तर म्हनला असता, बगा, आंधळ्याच्या हाती बंदूक," असं पुटपुटून त्याने श्वास धरला आणि ट्रिगर दाबला.

डहाळी गिरक्या घेत खाली आली. एका देठाच्या टोकाला हाताच्या बोटांसारखी पानं पसरलेली. फांदीवर आखूड, बुडाशी जाड काटे.

"सावर हाय की ओ ही!" बिरा ओरडला.

"मग बुंध्याला काटे कुठायत?"

"लई म्हातारी हाय, हवालदारसाब. काटं झडल्यात. आपल्याकडं येवढी म्हातारी हू देत्यात व्हय? आदीच तोडत्यात."

"सावर म्हणजे सिल्क-कॉटन. शुअर?" साहेबांनी विचारलं.

"शुअर, सर."

आम्ही टेकाड फिरून आलो. दुसरी सावर नव्हती. साहेबांनी नकाशावर नोंद केली. अकरा वाजता आम्ही निघालो.

रजेवर आल्यावर कुंभारीला गेलो. सिद्रामच्या थोरल्या भावाने एवढंच विचारलं, "कुटल्या झाडाखाली?"

"सावर."

तो म्हणाला, "मंजी शिमग्याला लाल फुलं पडत असतील की त्याच्यावर."

पुढे त्याने शहाबादी फरशीवर सिद्रामचं नाव कोरून घेतलं आणि बैलगाडीतून माझ्याकडे आणून दिली. जागा मला ठाऊक, म्हणून. फरशी माझ्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. पॅकिंगचं खोकं करून घेतलं आहे. तिकडे जाणारा भरवशाचा माणूस अजून मिळालेला नाही.