दांड्यावरची काळी टेप

हे गेले तो मंगळवार होता. काल ड्रॉवरमध्ये काळ्या टेपचं भेंडोळं सापडलं आणि लोणावळ्याजवळचं गोल्फचं मैदान, तिथल्या ओल्या गवताचा वास आठवला. खांदा दुखायचा म्हणून यांनी नाइलाजाने हलकी स्टिक घेतली होती. तिच्या दांड्यावर ‘सीनियर’, म्हणजे वयस्कांसाठीची, असं छापलेलं होतं, ते दिसू नये म्हणून त्यावर यांनी टेप गुंडाळली. बॅग उचलणारा बेडसे गावचा कॅडी म्हणाला, “आबा, नवी काठी मोडली व्हय?” “जरा तडकलीये,” हे गंभीरपणे म्हणाले. मी हसू दाबलं. “मग लय जोर नगं, अर्धीच फिरवा.” यांनी अर्धीच फिरवली. चेंडू ओढ्यापलीकडे गेला. हे माझ्याकडे वळले, “बघ! म्हातारा म्हणत होतीस ना?” आता या घरात मी एकटीच म्हातारी होते आहे.