नाकाच्या भरवशावर

आमच्या भावजींचं नाक म्हणजे त्या घरातलं चौथं माणूस होतं, आणि लाड सगळ्यांत जास्त त्याचेच व्हायचे. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. उभा जन्म तेलाच्या गिरणीत काढला. काम एकच: तळहातावर तेलाचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या हाताने चोळायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचं, "चालेल," नाहीतर, "खवट." त्यांनी एकदा खवट म्हटलं की तो डबा बाजारात पाठवायची मालकाच्या बापाची हिंमत नव्हती.

घरी आले तरी नाक कामावरच. दूध नासायच्या आधी यांना कळायचं. शेजारपाजारचे लोक गॅसची नळी गळते का ते बघायला यांना बोलवायचे आणि पाठ वळली की 'नाकोबा' म्हणायचे. ते यांना माहीत होतं, आवडतही होतं. पण त्या नाकापायी ताईच्या नाकी नऊ आले. लग्न झाल्यावर वासाचं तेल सुटलं, मग पावडर सुटली, कांदा चिरायला बिचारी गॅलरीत जाऊन बसायची. मी म्हणायचे, "अगं, तू लग्न माणसाशी केलंस की नाकाशी?" ती हसून म्हणायची, "दोघं एकाच खोलीत राहतात गं, निवडणार कशी?"

त्यांच्या बाथरूमची लहान खिडकी मागच्या बोळाकडे उघडायची. बोळात गटार. त्या गटाराचा वास भावजींना यायचा, बाकी कुणालाही येत नव्हता. मी मुद्दाम खिडकीत तोंड घालून हुंगून पाहिलं होतं, काही नाही. ताईलाही नाही, तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीलाही नाही. भावजींनी मात्र महिनाभर धुसफुस केली आणि एक दिवस खिडकी लावून, फटीफटीला चिकटपट्टी मारून मोकळे झाले. आत गॅसचा गीझर. ताईने कुठूनतरी ऐकलं होतं की गीझर बंद जागेत असला की वाईट हवा तयार होते आणि ती ओळखणारं यंत्र मिळतं. तिने भीत भीत विषय काढला. हे केवढ्याने हसले! "मी घरात असताना यंत्र? अगं, तुझं यंत्र जागं होईपर्यंत मी तीनदा ओरडलो असेन." ताई गप्प बसली. गप्प बसायची सवयच होती तिला.

पुढचं सांगताना आजही माझ्या अंगाची लाही होते. थंडीची सकाळ होती. ताई आंघोळीला गेली, हे बाहेर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. आतून साबणाचा वास आला तो यांना बरोब्बर कळला. यांनी विचारलं, "साबण बदललास का गं?" उत्तर आलं नाही. यांना वाटलं, रुसली. पान उलटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "काय गं, फार महागाचा आहे का?" पाणी वाहत होतं. दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्योतीला हवा कमी पडली की हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. भावजी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "वास नसतो असं कसं? काहीतरी असणारच. मला आला नाही म्हणा."

भाची तेव्हा दुसऱ्या गावी सासरी होती. आली, सगळं उरकेपर्यंत राहिली. जाताना बापाला म्हणाली, "बाबा, माझी मुलगी घेऊन मी या घरात पाऊल टाकणार नाही." भावजींनी त्याच आठवड्यात गीझर उपटून भंगारात दिला. खिडकीची चिकटपट्टी नखांनी खरवडून काढली, आणि खिडकी चुकूनही लागू नये म्हणून सुतळीने गजाला बांधून ठेवली. थंड पाण्याने आंघोळ करायला लागले. तरी पोरगी येईना. मी फोनवर पाय धरायचे बाकी ठेवले, तेव्हा एकदा चिडून म्हणाली, "ते यंत्र लावा म्हणावं आधी. आई मागत होती ते." तो बहाणा होता, मला कळत होतं. भावजींना मात्र बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "धाकटे, चल. यंत्र घ्यायचंय. मला त्यातलं कळत नाही." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुकानातल्या मुलीने आधी भलतंच पुढे केलं. ते स्वयंपाकाचा गॅस गळला तर वाजणारं निघालं. मी म्हटलं, "बाई गं, त्याला वास असतो. आम्हाला बिनवासाचं हवंय." मग तिने तीन-चार खोकी मांडली. एकावर आकडे दिसतात, एक बोर्डात खोचायचं, एकाची बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. भावजी एकेक यंत्र हातात घेत होते आणि, देवाशपथ सांगते, नाकाशी नेत होते. मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी मलाही रडू येत होतं.

"यातलं सगळ्यांत जास्त कुठलं ओरडतं?" भावजींनी विचारलं. तिने बटणं दाबून दाखवली. अख्खं दुकान मागे वळून बघायला लागलं.

"नळ चालू असेल, दार लावलेलं असेल, बाहेरच्या माणसाने पेपरात डोकं खुपसलं असेल. तरी ऐकू येईल?"

"काका, याचा आवाज ऐकून मढंसुद्धा उठून बसेल!" ती पोर हसत हसत म्हणाली. तिला काय ठाऊक!

भावजींनी ते यंत्र दोन्ही हातांत धरलं. "हेच द्या," म्हणाले.

बाथरूममध्ये लावू नका, वाफेने खराब होतं, असं तिने बजावलं होतं. म्हणून त्यांनी ते बाहेर, त्यांच्या खुर्चीच्या वरच भिंतीवर ठोकलं. रोज बटण दाबून बघायचे. आधी शेजारी दचकायचे, मग त्यांनीही सोडून दिलं. मी भाचीला फोन केला, "आता तुला काही बोलायला जागा नाही. ये."

आली. पहिलीतली नात, कळती झाल्यापासून प्रथमच आजोबांच्या घरी. भावजींनी नवा सदरा घातला होता, घर तर असं लख्ख केलेलं की ताईने कौतुक केलं असतं. भाचीने आल्याआल्या यंत्राखाली उभं राहून बटण दाबलं. ते किंचाळलं. मग ती पर्स खाली ठेवून खुर्चीत टेकली, आणि म्हणाली, "बाबा, चहा टाकू?" एवढ्यावर भावजींचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, सुटलो बाई.

तेवढ्यात नात बाथरूमकडे गेली आणि दारातच नाक चिमटीत धरून ओरडली, "ई! आजोबा, कसला घाण वास येतोय बाहेरून!"

भावजींचा चेहरा पाहायला हवा होता. ज्या वासासाठी सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, तो या चिमुरडीला आला होता. नाक आजोबांवर गेलं होतं. उजळलेच एकदम. "आला? तुला आला वास?" म्हणत ते उठले. पण पोरीने तोवर बादली उपडी घालून वर चढून, सुतळीची गाठ सोडून, धाडकन खिडकी लावून घेतली होती. शहाण्यासारखी. आजोबांनी लावली होती तशी.

"उघड! उघड ती!" भावजी असे ओरडले की माझ्या हातातलं पातेलं पडलं. त्यांनी पोरीला दंडाला धरून खाली ओढलं. ती भेदरून गळा काढून रडायला लागली. भाची धावली. मुलीला उचललं, एकदा लावलेल्या खिडकीकडे बघितलं, एकदा बापाकडे. एक शब्द बोलली नाही. आईचीच सवय. चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरली. मी खालपर्यंत हाका मारत गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही. अजून आलेली नाही, आणि येईलसं मला वाटत नाही.

वर आले तर भावजी बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसलेले. खिडकी पुन्हा उघडून बांधली होती. माझ्या जिभेला हाड नाही, सगळे सांगतात. ताई गेल्यापासून या माणसाला सुनवायचं म्हणून किती वाक्यं घोकली होती मी.

"धाकटे," ते म्हणाले, "तिलाही आला. म्हणजे वास होता ना गं? मी उगीच नव्हती ना लावली खिडकी?"

मी जोरात श्वास घेतला. मला काहीच आलं नाही.

"होता, भावजी," मी म्हटलं, आणि पातेलं उचलायला आत गेले.