काळ्याच्या रंगाचा रकाना

इतर कुत्र्यांचे केस झाडून टाकता येतात. पूडल जातीच्या कुत्र्याचे केस गळतच नाहीत, त्यामुळं आमच्या दवाखान्यात त्यांचे नुसते किस्सेच साचत गेलेत. खुर्चीखाली, टेबलाखाली, जिथं बघावं तिथं! त्यातले बरेचसे हसायचे होते. हल्ली सांगायला बसलो की मला हसू येत नाही, ती गोष्ट वेगळी. तुम्ही हसा.

मी कंपाउंडर. धाराशिवात एका डॉक्टर मॅडमचा जनावरांचा दवाखाना आहे, तिथं असतो. सगळे मला मामा म्हणतात. त्याआधी निम्मं आयुष्य बैल आडवे पाडण्यात आणि म्हशीच्या लाथा खाण्यात गेलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी रजिस्टर हातात दिलं. मालक, जनावराचं नाव, वय, रंग, असे रकाने. आता मला रंग माहीत ते बैलाचे! मी आपला लिहीत गेलो : बांडा, पवळा, कोसा, ढवळा. संध्याकाळी मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो मामा, पूडल आहेत ती! पोळ्याला मिरवायची नाहीत!"

"मॅडम, रंग तर तोच हाय ना? मग बैलानं काय घोडं मारलंय?"

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात कुत्र्यांचे रंग बैलाचेच आहेत.

*

एक बाई आल्या, हातात तांबूस रंगाचं पिल्लू. मी लिहिलं, पवळा. बाईंनी वाकून बघितलं.

"मामा, ते खोडा. ॲप्रिकॉट लिहा. पुण्याहून खास रंग बघून आणलाय."

"म्हंजे काय वो?"

"म्हणजे जर्दाळू."

"मग जर्दाळू लिहू?"

बाईंनी पिल्लाकडं बघितलं. "नको. पवळाच राहू द्या!"

दोन वर्षांत त्या जर्दाळूचा रंग उडून पार साय झाली. पूडलचं असंच असतं, पुष्कळांचा रंग टिकत नाही. बाई येऊन मलाच विचारतात, "मामा, असं कसं झालं?" जसं काय मीच धुऊन काढलाय!

*

आता दिनूचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळंल.

आमच्या गल्लीत अण्णा राहतात. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. बायको कमलकाकू, आणि एकुलता एक पोरगा दिनू. कळंबला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, गाडीवर जाऊन-येऊन करायचा. एक दिवस तो पिल्लू घेऊन दवाखान्यात आला. काळं कुळकुळीत, नुसते डोळे तेवढे चमकायचे. नाव काळ्या. काकूंनी सांगून ठेवलं होतं म्हणे, आणशील तर काळंच आण, घराला दृष्ट लागत नाही.

मी रंगाच्या रकान्यात झोकात लिहिलं, काळाभोर. मॅडम पिल्लाच्या तोंडावरचे केस मशीननं काढत होत्या. मुळाशी राखाडी दिसलं.

"मामा, पुढं जागा सोडा," मॅडम म्हणाल्या. "हा काळा राहणार नाही. जन्मतात काळी, मग हळूहळू चांदीसारखी होतात."

दिनू हसला. "मॅडम, आईला सांगू नका हां! तिला वाटंल दुकानदारानं गंडवलं मला."

वर्षभरात दिनू गेला. कळंबच्या रस्त्याला गाडी घसरली, जागेवरच गेला. पुढच्या इंजेक्शनला काळ्याला अण्णा घेऊन आले. मी मालकाच्या रकान्यात नाव बदलायला पेन उचललं, तर अण्णांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या मामा. तेच ऱ्हाऊ द्या."

मी पेन खाली ठेवलं. मला तरी कुठं खोडवणार होतं?

*

ईट गावचे भगवानराव. शेतकरी माणूस, बैलाची पारख अशी की बाजारात लोक त्यांना बोलावून नेतात. बैल घेताना अंगावरचे भोवरे बघतात ते. इथं भोवरा असला तर चांगला, तिथं असला तर घरधन्याला वाईट. त्यांच्या सूनबाईनं पूडल आणलं आणि ह्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर अडवलं. "आधी भोवरे बघीन, मगच घरात!"

दवाखान्यात टेबलावर ठेवून त्यांनी बघायला सुरुवात केली. पूडलचे केस कसे, सगळे कुरळे! चष्मा लावला, काढला, परत लावला. अर्ध्या तासानं घाम पुसत म्हणाले, "मामा, ह्याच्या अंगावर तर निस्ते भोवरेच हायत!"

"मग काय म्हणता? चांगलं का वाईट?"

"आता इतके असल्यावर कुणाकुणाला भ्यायचं? घ्या घरात!"

*

तेरखेड्याचं एक गिऱ्हाईक. तिथं फटाक्याचं काम चालतं. नवरा-बायको दोघं कारखान्यात, कुत्रं त्यांच्या मागं-मागं. असं चकाकणारं पूडल मी जन्मात बघितलं नव्हतं. मी मॅडमना हाक मारली, "मॅडम, अस्सल चांदी आली बघा!"

मॅडमनी हात फिरवला, हात चांदीचा झाला. फटाक्यातली पावडर! तीन वेळा शाम्पू लावला तेव्हा खाली तपकिरी कुत्रं निघालं. मॅडम चिडल्या, "अहो, हे चाटतं अंग! पोटात जातंय त्याच्या! कारखान्यात न्यायचं नाही त्याला!"

मालक खाली मान घालून म्हणाला, "न्हाय न्हेत मॅडम. आमचं बी असंच हाय. सुट्टीदिवशी आंघोळ केल्यावरच कळतं, कुणाचा रंग काय हाय ते."

मी हसायला गेलो. त्याच्या चंदेरी नखांकडं लक्ष गेलं आणि हसू तोंडातच राहिलं.

*

कळंबच्या एका घरातलं पूडल काळं, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एक-एक बदामी ठिपका. पुस्तकात त्याला फँटम म्हणतात. आपल्याकडं असल्या कुत्र्याला चार डोळ्यांचं म्हणतात, आणि त्याला यम दिसतो असंही म्हणतात. त्या घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेले. सगळे म्हणाले, कुत्रं खोलीत नको. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यो आला की ह्ये भुंकंल. मला तेवढंच जरा आधी कळंल."

पण कुत्रं दिवसभर झोपा काढायचं. आजोबा कुरकुर करायचे, "चार डोळं असून काय उपेग? चारी मिटूनच पडतंय!"

एक दिवस त्याला नखं कापायला आमच्याकडं आणलं. गर्दी होती, दोन तास लागले. मुलगा परत घेऊन गेला तर आजोबा गेलेले. पुढच्या खेपेला तो आला, कुत्रं टेबलावर ठेवलं, आणि एवढंच म्हणाला, "मामा, त्या दिवशी लई वेळ ठिवून घेतलं तुमी ह्याला."

त्यानंतर त्याच्या कुत्र्याचा नंबर मी कायम पहिला लावतो.

*

इकडं काळ्याचा रंग उतरत चालला होता. आधी तोंड, मग पाय, मग पाठ. तीन वर्षांत सगळा राखाडी, उन्हात तर पांढराच वाटायचा. आणि त्याच वर्षांत कमलकाकूंची आठवण उतरत गेली. काल काय जेवल्या ते आठवेना. मग गल्ली आठवेना. दिनू गेलाय हेसुद्धा विसरल्या. ते एक बरं म्हणायचं का वाईट, मला अजून कळलेलं नाही.

एक दिवस अण्णा एकटेच आले. खिशातून केसांच्या काळ्या मेंदीचं पाकीट काढलं. "मॅडम, एवढी लावून द्या काळ्याला."

"का हो अण्णा?"

"घरात घेईना ती त्याला. म्हणती, ह्ये कुणाचं पांढरं कुत्रं हाय? आमचा काळ्या कुठं सोडला तुमी? काल तांब्या फेकून मारला त्याला. ते बिचारं शेपूट हालवत परत तिच्याकडंच जातंय!"

मॅडमनी पाकीट वाचलं, परत दिलं. "अण्णा, हे रसायन आहे. चाटलं तर पोटात जाईल, कातडी भाजेल. मी नाही लावणार. तुम्हीही लावू नका."

अण्णा पाकिटाकडं बघत बसले. "मग द्यावं लागंल कुणाला तरी. रोज मार खातंय ते. पोराची तेवढीच एक वस्तू ऱ्हायलीय बघा घरात." मग पाकीट खिशात घालत म्हणाले, "परवा मला बी म्हणाली, कुणाकडं आलात बाबा तुमी? मालक ड्युटीवर गेलेत, नंतर या."

अण्णांचं डोकं कापसासारखं पांढरं. मिशाही तशाच.

मीच भगवानरावांना फोन लावला. म्हणाले, "धाडा. शेतात ऱ्हाईल, आमच्या भोवरेवाल्याच्या जोडीला." रविवारी न्यायला येतो म्हणाले.

*

रविवारी सकाळी मॅडम आणि मी अण्णांच्या घरी गेलो. जायच्या आधी काळ्याला इंजेक्शन द्यायचं होतं. काळ्या अंगणात पेरूच्या झाडाला बांधलेला. भगवानराव हातात नवीन साखळी घेऊन ओट्यावर बसलेले. काकू दारात सुपात तूर निवडत होत्या. अण्णा घरात नव्हते, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले होते.

आले ते फाटकातून आत. डोकं काळं, मिशा काळ्या. ते पाकीट त्यांनी स्वतःलाच लावून घेतलं होतं. निदान मला तरी ओळखंल, असं त्यांच्या मनात असणार.

काकूंनी मान वर केली. सूप मांडीवरून घसरलं, तूर सगळी ओट्यावर.

"दिनू! आरं, कुठं व्हतास इतकं दिस?"

अण्णा जागीच थांबले. आमच्याकडं बघितलं त्यांनी. मी मान खाली घातली. काकू उठून गेल्या, त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

"किती वाळलास रं! जेवलास का?"

"जेवलो," अण्णा म्हणाले.

काकूंचं लक्ष झाडाकडं गेलं. "आन् ह्ये पांढरं कुत्रं कुणाचं? तू आणलंस?"

अण्णा म्हणाले, "व्हय आई. तुझ्यासाठी आणलंय."

"बरं केलंस. काळ्या गेल्यापासनं घर नुस्तं खायाला उठतंय." काकू आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणला. काळ्या आधी भिऊन मागं सरकला, मग पुढं येऊन त्यांच्या हातातनं खाल्ला. काकूंनी स्वतः दोरी सोडली. भगवानरावांनी साखळी खिशात घातली आणि चपला पायात सरकवल्या. मॅडम इंजेक्शन हातात धरून तशाच उभ्या होत्या.

अण्णा ओट्यावर बसून सांडलेली तूर गोळा करायला लागले.

"दिनू," काकूंनी दारातनं विचारलं, "तुझे वडील दिसंनात रं सकाळधरनं?"

अण्णांनी मान वर केली नाही. "ड्युटीवर गेलेत आई. येतील."

"मग त्यांची भाकरी झाकून ठिवते," म्हणत काकू आत गेल्या.