अंबाडीचा वास

जुन्या मॅट्रिकच्या अकरावीला इंग्रजी शिकवणारे आमचे सर पुण्याकडचे. दर सोमवारी जाडजूड शब्दकोशातून एखादं जुनं, कुणी न वापरलेलं क्रियापद काढून ते फळ्यावर लिहायचे. एकदा लिहिलं, 'ret', रेट. अर्थ होता, झाडाची ताटं पाण्यात कुजवून तंतू सुटे करणे. "थोडक्यात, नासवणे," सरांनी निकाल लावला.

मी मान खाली घातली. दोरांसाठी वाख काढायला नाल्याच्या डोहात कुजत घातलेल्या अंबाडीच्या पेंढ्यांवर दगड ठेवायला मी रविवारीच बापाबरोबर उतरले होते. तो वास साबणाला दाद देत नाही. बाकावरच्या मुली आधीच सरकून बसल्या होत्या, आता हसल्या. मी घरी येऊन जाहीर केलं, शाळा बंद. कारण विचारलं तेव्हा रडत, चिडत सगळं सांगितलं, सरांचा अर्थसुद्धा.

चार दिवस मी हटून बसले. पाचव्या दिवशी सकाळी बाप डोहावरून आला, धुतलेलं धोतर नेसला आणि म्हणाला, "चाल, तुया मास्तरले भेटू."

शाळा दोन कोसांवर. सरांनी त्याला वर्गातच बोलावलं. वहाणा दाराशी काढून तो उभा राहिला.

"मास्तर, नासवत नाई आमी. एक दिवस आंधी काढली त साल सुटत नाई. एक दिवस उशीर झाला त वाख हातातच तुटते. रोज नख लावून पाहा लागते."

सरांनी शब्दकोशाच्या समासात पेन्सिलीनं ते लिहून घेतलं आणि बापाला स्वतःची खुर्ची दिली. बाप म्हणाला, "मले नोको, पोरीले बसवा." मी बसले ती मॅट्रिक होऊनच उठले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

बापाच्या हुशारीची ही गोष्ट मी पुढे किती जणांना ऐकवली असेल! तो गेल्यावर एकदा आईलाही ऐकवत होते. ती म्हणाली, "त्याच दिवशी काढाची होती अंबाडी. सकायी नख लावून पाह्यलं होतं त्यानं. सारा दिवस तुया शाळेत गेला, दुसऱ्या दिवशी पाह्यते त वाखाचा पार चिखल."

तेव्हा मला त्या दिवसानंतरचा पोळा आठवला. आमच्या बैलांना वरवट बकालच्या बाजारातले विकतचे दोर होते. औंदा घरचे काऊन नाहीत, मी विचारलं होतं. "कंटाया आला होता, माय," बाप म्हणाला होता. आणि मी, शिकलेली पोर, त्याला आळशी म्हणाले होते.