खळं उचलल्यावरचा खोकला

आमच्या सापगावात साध्या खोकल्याला कोणी भीक घालत नाही. माझे धाकटे काका मात्र कान देऊन ऐकायचे, तेही पाठ फिरवून, डोळे मिटून. म्हणायचे, "डोलं फसवतात गो, कान नाय फसवत."

वासराला ठसका लागला की त्याने दूध घाईने प्यायलं. कुत्रं ओकारी काढल्यासारखं खोकलं की घशात हाड. शेजारच्या आजोबांचा सकाळचा घरघरता खोकला बिडीचा आणि आमच्या दारात आल्यावरचा कोरडा खोकला निव्वळ चहाचा.

एकदा थोरला बैल खोकू लागला. मी डॉक्टरांना बोलवायला निघाले, तर काकांनी पेंढ्याची मूठ माझ्या नाकाशी धरली. अवकाळी पावसात भिजून पेंढा कुबट झाला होता. तो बाजूला काढून ते बैलाला चांगला पेंढा पाणी शिंपडून घालू लागले, तोही अंगणात. "धूल गेली का खोकला गेला पायजे. नाय गेला, तर तो धुलीचा नाय." आठवड्यात बैल गप्प! मला या माणसाचा फार अभिमान वाटला, अजून वाटतो.

गेल्या वर्षी भाताची झोडणी झाली. झोडणीत सगळेच खोकतात, कुसं घशात जातात, कोणी मनावर घेत नाही. काकाही खोकत होते. भात घरात आलं, खळं उचललं, सगळ्यांचे खोकले थांबले, काकांचा थांबला नाही. अंगातली बंडी ढिली झाली. विचारलं की एकच उत्तर, "खल्याचा हाय." बैलाचं ऐकणारा माणूस स्वतःच्या बाबतीत ठार बहिरा! मला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"काका, खलं उचलून म्हयना झाला. धूल गेली. मंग खोकला का नाय गेला?"

काकांनी चपला घातल्या. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खायच्या होत्या. काकांनी एकही चुकवली नाही.

गोळ्या संपल्या त्या सकाळी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं, त्यांच्याकडे पाठ करून बसवलं.

"डोलं मिट. आता ऐक."

मी ऐकत बसले. बैल पेंढा चावत होता. बराच वेळ तेवढंच ऐकू येत राहिलं.