सगळ्यांचा फोन एकीलाच

पोलीस खात्याच्या मागच्या खोलीत ती काम करायची. वर्दी नाही, पिस्तूल नाही. एक मोठा पडदा आणि माऊस, एवढंच. माणसांचे ठिपके मांडायचे, त्यांच्या फोनाफोनीच्या रेघा जोडायच्या, ठिपके इकडेतिकडे ओढून पाहायचे आणि कोण कुणाच्या संगतीत आहे ते हुडकायचं. चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसे, म्हणून ऑफिसात सगळे तिला जाळेवाली म्हणत. तिची आई शेजारणींना सांगायची, "ती ठिपके जोडते." ऐकणाऱ्यांना वाटे, मुलगी बालवाडीत शिकवते.

त्या वर्षी शहरात स्कूटरी चोरीला जात होत्या. स्कूटर खोलून तिचे सुटे भाग वेगवेगळ्या गॅरेजांत विकले जात. काही तरुणांवर संशय होता, पण त्यांचा आपसात काडीचाही संबंध दिसेना. एकाने दुसऱ्याला कधी फोनसुद्धा केलेला नव्हता. जाळेवालीने त्यांच्या फोनची माहिती पडद्यावर घेतली, तशा सगळ्यांच्या रेघा एकाच ठिपक्याशी येऊन थांबल्या. तो नंबर एका अनाथाश्रमात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा होता.

साहेब खूश झाले. म्होरकी सापडली म्हणाले, आणि तिला आणायला गाडी काढायला सांगितली.

जाळेवालीला पटेना. तिने पडद्याखालची तारखांची पट्टी मागेपुढे सरकवली. चोऱ्यांच्या सुमारास त्या बाईला येणारे फोन ना वाढत, ना कमी होत. नेहमी संध्याकाळी यायचे आणि लगेच संपायचे. ती स्वतः आईला करायची तो फोन असाच असायचा: जेवलीस का, जेवले, बरं, ठेवते.

"साहेब, कट करणारे असे बोलत नाहीत," ती म्हणाली. "हे घरचे फोन आहेत. आधी मला जाऊन येऊ द्या."

साहेबांनी कुरकुरत एक दिवस दिला.

आश्रमात त्या बाईला लहानथोर मावशीच म्हणत. जाळेवाली पोचली तेव्हा ती एका अजस्र पातेल्यात अर्धी शिरून ते घासत होती. आपण पोलिसांकडून आलोय हे जाळेवालीने आधीच सांगून टाकलं. तरी संशयित मुलांची नावं काढताच मावशीचा चेहरा उजळला. सगळी तिच्या हाताखाली वाढलेली. मोठी होऊन बाहेर पडली, पण तिची खुशाली विचारायला विसरली नव्हती. मग ती चपापली. त्यांना काही झालंय का, विचारू लागली. चौकशी चालू आहे, एवढंच जाळेवाली म्हणाली, आणि इथून निघाल्यावर मुलं जातात कुठे ते विचारलं.

"सर बघतात ना," मावशी म्हणाली. "खोली तेच देतात, कामालाही तेच लावतात. फार मोठ्या मनाचा माणूस."

सर म्हणजे आश्रमाचे व्यवस्थापक. ऑफिसात परतल्यावर जाळेवालीने त्यांचा ठिपका मांडला. त्याला एकही रेघ लागेना, कारण सर कुणाला फोन करतच नसत. मग तिने फोन सोडून दुसऱ्या रेघा काढल्या: मुलं राहतात त्या खोल्या कुणाच्या, सुटे भाग घेणारी गॅरेजं कुणाची. खोल्या सरांच्या होत्या आणि प्रत्येक गॅरेजात त्यांची भागीदारी. तिने मावशीचा ठिपका उचलून बाजूला ठेवला; जाळं शाबूत राहिलं. सरांचा उचलला, तसे सगळे ठिपके सुटून विखुरले.

सर पकडले गेले, मुलंही. एकमेकांना फोन करायचा नाही ही सरांचीच ताकीद. चोरी करायला कुणी काचकूच केली, की खोली रिकामी कर म्हणायचे. जायला दुसरं घर कुणालाच नव्हतं.

मावशीला हे परक्या तोंडून कळू नये म्हणून जाळेवाली स्वतः गेली.

"म्हणजे माझ्या फोनवरून माझी पोरं पकडलीत," मावशी म्हणाली.

"हो," जाळेवाली म्हणाली. खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

मावशीने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

मुलांनी कोर्टात सगळं खरं सांगितलं म्हणून त्यांना शिक्षा थोडक्यात झाली. सरांना मोठी झाली. निकालानंतर एके दुपारी मावशी आपणहून मागच्या खोलीत आली आणि ते चित्र दाखव म्हणाली. जाळेवालीने खुर्ची पुढे केली. मावशी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. हा अंधाराला घाबरायचा. हा कुत्र्याची पिल्लं पांघरुणात लपवायचा. हा भारी लबाड, पण दुसऱ्याला मार बसला की रडायचा हाच.

"आणि मी कुठंय यात?"

"तुमचा ठिपका काढला. कोर्टात तुमचं नाव यायला नको म्हणून."

"परत ठेव," मावशी म्हणाली. "किती एकटी दिसतायत बघ."

जाळेवालीने ठेवला.

त्यानंतर तुरुंगात भेटीचा दिवस असला की जाळेवाली तिला घेऊन जायची आणि आपण फाटकाबाहेर थांबायची. पिल्लंवाला आधी सुटला. त्याला एका छापखान्यात काम मिळालं. खोली मात्र मावशीने स्वतः जाऊन पाहिली, घरमालकाला उलटसुलट विचारून पार भंडावून सोडलं, आणि मगच पोराला आत पाऊल टाकू दिलं.