एका फळीवरची दोन घड्याळं

आमच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचा एक कायदा होता. दुरुस्त केलेलं लंबकाचं घड्याळ दुकानाच्या जुन्या घड्याळाशेजारी टांगायचं, दोघांचा ठोका कानानं जुळवायचा आणि आठ दिवस बिनचूक चाललं तरच गिऱ्हाइकाला द्यायचं. हा कायदा आजोबांनी घातलेला, म्हणून त्यावर कोणी बोलत नसे. मी बोलायचे. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

नव्वदचं दशक होतं, चंद्रपुरात मी बीएस्सीला होते. त्या वर्षी अब्बांनी अर्ध्या दुकानात एसटीडी बूथ टाकला आणि मधे सागवानी फळ्यांचा पातळ आडोसा उभा केला. विटांची भिंत बूथकडे गेली, घड्याळं आडोशाच्या फळीवर आली. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग मूल गावाकडचा एक धानवाला शेतकरी घड्याळ घेऊन आला. त्याच्या आईची नजर गेलेली. दिवसभर ती टोल्यांवरच वेळ ओळखायची. घड्याळ अगदी आमच्या दुकानाच्या जुन्या घड्याळासारखं, त्याच मापाच्या लंबकाचं. अब्बांनी ते तीन दिवसांत चालू केलं, ठोका जुळवला, फळीवर टांगलं. अर्ध्या तासात बंद. उघडलं, पुसलं, तेल दिलं, टांगलं. पुन्हा बंद. तीन आठवडे हेच. दुसरीकडे टांगून पाहायचं कोणाला सुचलंच नाही; फळीवर चाललं नाही तर ते चाललंच नाही, असा आमचा हिशेब.

अब्बांचं जेवण कमी झालं. कॉलेजातून आले की मी आधी त्या लंबकाकडे बघायचे आणि चिडायचे. घरी आम्ही हिंदी बोलायचो, पण गिऱ्हाइकासमोर वेगळी भाषा नको म्हणून दुकानात अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलत. एका बुधवारी मी त्याच मराठीत बोलून बसले, "अब्बा, तुमचे हात थरथरून राह्यले. कायले उगाच उघडता? देऊन टाका त्याले वापस."

त्यांनी उघडलेल्या घड्याळाचं झाकण लावलं. मग म्हणाले, "शुक्रवारी तो येऊन राह्यला. त्याचं त्याले देतो. यापुढं लंबकाले हात नाई लावत. सेलवर चालते त्याच घड्या करीन."

आयुष्यभराचं काम त्यांनी माझ्या एका वाक्यावर सोडलं होतं. दोन रात्री मला धड झोप लागली नाही, आणि तरी माफी मागायला तोंड उघडलं नाही. असा माझा हट्टी स्वभाव.

शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. दोन स्टँडला आडवी दोरी बांधलेली, तिला सारख्या लांबीचे दोन लंबक. मी एक हलवला. दुसरा हळूहळू आपोआप झुलायला लागला, आणि पहिला मंद होत होत चक्क थांबला. मग दुसऱ्याचा जोर पहिल्यात परत यायला लागला. मॅडम म्हणाल्या, "हा अनुनाद. दोघांची लांबी सारखी असेल तरच जोर असा इकडून तिकडे जातो. एक आखूड करून बघ." मी केला. दुसरा जेमतेम हलला.

माझ्या डोळ्यासमोर आमची फळी आली. जर्नल सहीशिवाय तसंच टाकलं आणि सायकल काढली. जटपुरा गेटपाशी एक बैलगाडी आडवी आली, तिच्यावर मी उगाचच ओरडले.

दुकानात शेतकरी बाकावर बसलेला. अब्बा नमाजाहून आले होते आणि घड्याळ फडक्यात गुंडाळत होते. मी ते ओढूनच घेतलं, बूथकडच्या विटांच्या भिंतीवर टांगलं आणि लंबक हलवला. अर्धा तास झाला, तास झाला, घड्याळ चालत होतं.

"काऊन चाललं?" अब्बांनी विचारलं.

"फळी हलते अब्बा. दिसत नाई, पण हलते. दोन्ही लंबक एका मापाचे, त्यात तुम्ही ठोका एवढा बरोब्बर जुळवला, म्हणून आपलं घड्याळ याचा जोर खाऊन राह्यलं होतं. जरा मागं-पुढं राह्यलं असतं तर बंदच नसतं पडलं."

त्यांना पटलं नाही. त्यांनी घड्याळ उतरवलं, फळीवर आमच्या घड्याळाशेजारी टांगलं, कान लावून ठोका पुन्हा जुळवला. मग आम्ही तिघं बघत बसलो. लंबकाचा झोका आखडत गेला. वीसेक मिनिटांत घड्याळ थांबलं.

आणि अब्बा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

शेतकरी गोंधळला. "भाऊ, बंद पडलं अन् तुम्ही हासून राह्यले?"

अब्बांनी माझ्याकडे वळून दोन्ही हात पुढे धरले. ते खरंच थरथरत होते.

"पाह्य," म्हणाले. "थरथरते. पण जुळवते."

मला त्या हातांकडे बघवेना. "मी चुकली, अब्बा," एवढंच कसंबसं म्हटलं.

त्यांनी घड्याळ उतरवून विटांच्या भिंतीवर लावलं, लंबक हलवला आणि शेतकऱ्याला सांगितलं, "आठ दिवसांनी ये."